नवलच्या गाडीची उंची

यशोदाबाईला गावात कुणी यशोदाबाई म्हणत नसे. म्हातारे, तरणे, सरपंच, दुकानदार, सगळ्यांची ती अक्का. पण अक्का म्हटलं की कुणी मायाळू बाई डोळ्यांसमोर आणाल, तर फसाल. पारोळ्याच्या अलीकडचं ते गाव. तिथं पाण्याच्या टाकीखाली रोज सकाळी नवलची पिकअप उभी राही, आणि मजुरीला जाणाऱ्या बायांपैकी गाडीत कोण चढणार न् कोण मागे राहणार, हे अक्का ठरवी. अक्कानं बोट दाखवलं की बाई आत. अक्कानं तोंड फिरवलं की बाईनं जेवणाचा डबा घेऊन मुकाट घरी जायचं. एकदा एका लेकुरवाळीनं तिचे पाय धरले, तर अक्का म्हणाली, "पाय सोड वं, चप्पल तुटी जाई." बस्स, एवढंच.

ही सत्ता तिला कुणी आंदण दिली नव्हती हेही खरं. नवलनं पिकअप घेतली तेव्हा गाडीला काम मिळत नव्हतं, ती दाराशी धूळ खात उभी. अक्कानंच घरोघर फिरून बायांची टोळी जमवली, शेतकऱ्यांशी बोलणी केली, आणि नवलला सांगितलं, "तू फक्त चाक फिराव, बाकीनं मी दखस." निंदणी असो, खत देणं असो, कापूस वेचणं असो, अक्का सगळ्यात पुढं. वय साठीच्या पलीकडं गेलं तरी वेचणीला दोन्ही हात असे चालत की शेजारच्या ओळीतली विशीतली पोरगी मागे पडे, आणि मागे पडली की अक्काची शिवी खाई. गाडीत तिची जागा ठरलेली होती. केबिनला पाठ लावून, तोंड बायांकडं करून ती बसे. तिथून तिला सगळ्यांची तोंडं दिसत.

या बाईला जगात एकाच गोष्टीची भीती होती. घरी बसण्याची. घरी बसणं म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिनं ते स्वतःच्या हातानं दुसऱ्याला दिलं होतं. तिची सासू शेतात जायची थांबली, त्याच आठवड्यात अक्कानं तिची खाट अंगणातल्या पत्र्याखाली शेळ्यांशेजारी नेऊन टाकली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. भाकरी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, तीही उरली तर. म्हातारी हाक मारी, "यशोदा, पाणी दे वं," आणि अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करी. थंडीत कधीतरी म्हातारी गेली. अक्काला त्याचं वाईट वाटलं म्हणाल, तर अजिबात नाही. तिला फक्त ती खाट आठवे, आणि मग तापात अंग फणफणत असलं तरी ती सकाळी टाकीखाली हजर होई.

तशात तिच्या घरात सारिका होती. सून. मुलगा दीपनगरला ठेकेदाराकडं कामाला, पंधरवड्यातून एकदा तोंड दाखवणार. सारिका जळगावची, पिंप्राळ्याची. माहेराहून येताना तिनं शिलाई मशीन आणलं होतं, गावात ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवीन म्हणून. अक्कानं ते मशीन आपल्या लेकीला देऊन टाकलं आणि सुनेच्या हातात खुरपं दिलं. सारिका तेव्हा एक शब्द बोलली नाही. ती कधीच बोलत नसे. गोड हसे, आणि डोक्यावरचा पदर सारखा करी. अशा बाईला भ्यावं, पण अक्काला वाटे, सून मुठीत आहे.

आता गाडीचं ऐका. शेजारच्या गावात भूपेंद्र नावाच्या पोरानं आपल्या पिकअपला मोठी चाकं बसवली. काळ्या चकचकीत रिमा, रुंद जाड टायर, गाडी ही अशी छाती काढून उभी. तोही मजूर बायाच न्यायचा. झालं! अक्काच्या टोळीतल्या तरण्या पोरी एकेक करून भूपेंद्रच्या गाडीत जाऊ लागल्या. काम तेच, ऊन तेच, पण त्या गाडीत बसून रस्त्यानं गेलं की लोक वळून बघत. अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं नवलला टाकीखाली सगळ्यांदेखत झापलं, "तो कालदिनना पोऱ्या आपल्या पोरी पळाडी राह्यना, आनि तू दात काढी राह्यना! त्यानापेक्षा मोठी चाकं लाव."

नवलच्या मनात ते होतंच. गडी हौशी. केबिनमध्ये शेजारच्या सीटवर त्यानं गाण्यांचा हा मोठा डबा बसवला होता, माणसाला जागाच नव्हती. अक्काचा हुकूम म्हणजे त्याला निमित्तच. दसऱ्याला गाडी नव्या चाकांवर निघाली पाहिजे म्हणून तो आदल्या दिवशी, खंडेनवमीला, जळगावला निघाला, आणि अक्का मागच्या बाजूला आपल्या जागेवर बसून सोबत गेली. पोरगा फसायला नको म्हणून.

अजिंठा चौफुलीच्या पुढं टायरची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानदारानं सकाळीच हत्यारांची पूजा मांडली होती. पाने, जॅक, पत्रा कापायचा कटर, सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडू. त्यानं नवलनं निवडलेला टायर गाडीला लावून पाहिला आणि मान हलवली.

"रिकाम्या गाडीला बसेल," तो म्हणाला, "पण गाडी भरून खड्ड्यात गेली की टायर वर मडगार्डला घासणार. उपाय दोन. मडगार्डची कड आतून कापून देतो, गाडी फार उंच होणार नाही. नाहीतर खालच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा पाटे घालून गाडीच वर उचलतो. पण तुम्ही बाया नेता ना? मग कापू या. चढायला सोपं पडेल."

त्यानं कटरवरचं झेंडूचं फूल उचललं मात्र, अक्का कडाडली. "ठेव ते! पूजाले बसाडेल हत्यार आज उचलस का रे? आनि गाडी कापस? दसराना आदलेदिन गाडीले पातं लावानं?"

दुकानदार हसला. "मग आजी, पाटे आवळायला पाना लागेल, त्याचीही पूजा झालीये."

"पाना आवळस. कापस नही," अक्का म्हणाली.

या शास्त्रापुढं तो बिचारा काय बोलणार? त्यानं नवलकडं पाहिलं. नवल डोकं खाजवत म्हणाला, "अक्का, पन बाया कश्या चढतीन?"

"पाय शेत ना त्यास्ले? चढतीन. उंच कर."

आणि गाडी उंच झाली. दसऱ्याला नवलनं चारही चाकांखाली लिंबं ठेवली, अक्कानं स्वतः नारळ आणून दिला, गुलाल उडाला, डबा एवढ्या जोरात वाजला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. भूपेंद्रकडं गेलेल्या पोरी दुसऱ्याच दिवशी परत आल्या आणि अक्कासमोर माना खाली घालून उभ्या राहिल्या. अक्कानं त्यांना दोन दिवस तसंच उभं केलं, मग घेतलं. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस असावेत.

वेचणी सुरू झाली तेव्हा खरा प्रकार कळला. पूर्वी मागचा फाळका पाडला की गाडीचा तळ कमरेला लागे. बंपरवर पाय द्यायचा, गुडघा टेकायचा, आत. आता तो तळ छातीला आला. तरण्या पोरी टायरवर पाय देऊन बाजूनं माकडिणींसारख्या चढत. चाळिशीपुढच्या बायांना वरून दोघींनी ओढायचं, खालून एकीनं ढकलायचं. लुगडं वर जाई, कुणी आई गं म्हणे, आणि नवल फोन काढून त्याचा व्हिडिओ करी, मागे गाणं लावी, आणि सगळीकडं पाठवी. पोरी खिदळत. अक्काही हसे. ती अजून एका दमात चढत होती ना!

वच्छलाबाई हसत नव्हती. ती अक्काच्या वयाची, टोळी जमली तेव्हापासूनची, अक्काबरोबर भाकरीचा तुकडा अर्धा वाटून खाणारी. एका सकाळी तिचा पाय बंपरवरून सटकला आणि ती दगडावर हातावर आपटली. मनगट जागच्या जागी सुजलं. ती तिथंच बसून लहान पोरासारखी रडू लागली आणि सगळ्या बायांनी अक्काकडं पाहिलं. अक्का वरूनच म्हणाली, "जिले चढता येस नही, तिनी घर बसानं. चाल रे नवल, ऊन व्हई राह्यनं." गाडी निघाली. वच्छलाबाईचं मनगट पुढं वाकडंच बसलं. अक्का तिच्याकडं एकदाही गेली नाही, आणि गाडी तिच्या दारावरून जाई तेव्हा मुद्दाम दुसरीकडं बघे.

पण जादा पाट्यांनी गाडी केवळ उंच झाली नव्हती, कडकही झाली होती. प्रत्येक खड्डा थेट हाडात येई. संक्रांतीच्या सुमारास अक्काचा उजवा गुडघा सुजला. मोहाचं तेल चोळलं, वीट तापवून शेक दिला, एरंडाचं पान बांधलं. सूज ढिम्म हलेना. एका सकाळी तिनं बंपरवर पाय ठेवला आणि गुडघ्यानं साफ नकार दिला. कशीबशी एका पोरीच्या खांद्यावर भार टाकून ती चढली, आणि त्या पोरीला वर दोन शिव्या दिल्या, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये.

तेव्हापासून तिचं सगळं डोकं एकाच कामाला लागलं. आपण चढताना कुणाला दिसायचं नाही. ती पहाटेच नवलच्या खळ्यात जाई. तिथं गोवऱ्यांची भिंत होती, नवल गाडी तिला लागून उभी करी. अक्का गोवऱ्यांवरून रांगत गाडीत उतरे आणि आपल्या जागी बसून राही. गाडी टाकीखाली आली की राणी आधीच सिंहासनावर. शेतात गेल्यावर ती सगळ्यांना पुढं पिटाळी, आणि बायांची पाठ फिरली की बांधाच्या उंचवट्यावर हळूच उतरे. संध्याकाळी कापसाच्या गाठोड्यांवरून वर जाई. एकदा तिनं नवलला हळूच म्हणून पाहिलं, "नवल, माले थंडी वाजस. पुढे बसू दे." नवल म्हणाला, "पुढे डबा शे ना, अक्का." त्यानं डबा काढला नाही. काढला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? पण अक्कानं त्याला माणसाची अडचण बघायची सवय कधी लावलीच नव्हती.

सारिकाला सगळं माहीत होतं. एका घरात राहून गुडघा लपतो का? ती पहाटे अक्काला चहा देई आणि लंगडत जाणाऱ्या अक्काला पाठमोरी बघत राही. इतके दिवस ती गावातच निंदणीला जाई, पण उंच गाडीत चढू न शकणाऱ्या बाया गळाल्या म्हणून आता तीही वेचणीला गाडीत येऊ लागली होती.

माघात शेवटच्या वेचणीला नव्या शेतकऱ्याचं रान मिळालं. नाल्याकाठचं, काळं, तळहातासारखं सपाट. ना बांध, ना दगड. सकाळी सगळ्या पुढं गेल्यावर अक्का फाळक्यावर पोटावर पडून घसरत उतरली. दिवसभर ती वेचत होती, पण हातांपेक्षा नजर जास्त फिरत होती. संध्याकाळी गाठोडी आहेतच, असं ती मनाशी म्हणत होती. संध्याकाळी शेतकऱ्याची बैलगाडी आली. नवलनं आणि शेतकऱ्याच्या सालदार गड्यानं गाठोडी दोन बाजूंनी धरून, हेलकावा देऊन बैलगाडीत फेकली आणि शेतकरी बैलगाडी हाकत निघून गेला.

रानात पिकअप उभी राहिली, आणि तिच्यामागं अक्का.

"तुम्ही बठ्ठ्या चढा," ती म्हणाली. "मी येस."

सगळ्या चढल्या. आता तिला उशीर लावायला काही उरलं नव्हतं. तिनं डावा पाय बंपरवर ठेवला, तर सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला आणि तो लटलटला. उजवा ठेवून पाहिला, तर तो उचलेचना. वर बाया ओळीनं बसल्या होत्या. एकीनंही हात पुढं केला नाही. का करावा? भूपेंद्रकडून परत आलेल्या पोरी होत्या त्यात, तोंड फिरवून घरी पाठवलेल्या बाया होत्या, शिव्या खाल्लेल्या तर सगळ्याच होत्या. एवढी वर्षं अक्का त्यांची तोंडं बघत आली होती. आज त्या तिचं बघत होत्या.

"नवल, गाडी बांधजोडे ले."

"आठे बांध कोठे शे, अक्का?" नवल म्हणाला, आणि वरून हसू फुटलं.

मग अक्कानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. मान वर केली आणि म्हणाली, "सारिका, हात दे वं माय."

सारिकानं मांडीवरचे हात मांडीवरच ठेवले. "माझे हात बोंडांनी सोललेत, अक्का. तुम्ही पडाल," ती अगदी काळजीनं म्हणाली. मग नवलकडं वळली. "भाऊ, सालदाराला हाक मारा ना. एवढी गाठोडी उचलली तुम्ही दोघांनी. तसंच उचला."

नवल मोठ्यानं हसला. सालदार आला. एकानं काखेत हात घातले, एकानं पाय धरले. "सोडा रे!" अक्का ओरडली, पण त्या दोघांना आता मजा येत होती. नवल म्हणाला, "हां, एक... दोन..." बाया टाळ्या वाजवू लागल्या, आणि अक्का हेलकावा खाऊन वर फेकली गेली. ती कुशीवर पडली. लुगडं मांडीपर्यंत गेलं, आणि भोपळ्याएवढा सुजलेला गुडघा सगळ्यांनी पाहिला. कुणाचा तरी फोन सुरू होता. तिनं लुगडं ओढलं, गुडघ्यावर हात दाबला आणि रांगत केबिनकडं गेली. तिच्या जागेवर एक पोरगी बसली होती. ती उठली नाही. अक्का तिथंच, पायांच्या गर्दीत बसली.

व्हिडिओ तिच्या आधी गावात पोचला होता. दुकानाशी बसलेले लोक गाडी बघून "एक, दोन" म्हणू लागले. घरी सारिकानं सगळ्यात आधी अक्कालाच ताट वाढलं, गरम भाकरी, वर तुपाची धार. शेजारी बसून ती म्हणाली, "उद्यापासून नका जाऊ, अक्का. लोक हसतात. खूप केलंत, आता बसा घरी. नवलभाऊ म्हणत होते, बाया निवडायचं मीच बघत जावं." तिचा आवाज मधासारखा होता. अक्कानं ताट बाजूला सारलं. तिनं अंगणातल्या पत्र्याकडं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

सकाळी टाकीखाली बाया जमल्या. आज सगळ्या खुशीत होत्या, अक्का येणार नाही म्हणून. सारिका गाडीजवळ उभी होती आणि बोट दाखवत होती. ही ये, ती ये, तू उद्या बघू. नवल फाळक्याला टेकून विडी ओढत होता, कालच्या शेतकऱ्याच्या सालदाराला त्यानं आज मदतीला मागून घेतलं होतं.

अक्का गल्लीतून आली. खळ्यातून नव्हे, मागच्या वाटेनं नव्हे, भर रस्त्यानं, लंगडत, सगळ्यांसमोरून. ती सरळ फाळक्याशी गेली, पदर कमरेला खोचला, लुगड्याचा काठ पायांत घट्ट धरला, म्हणजे वर जाऊ नये. आणि दोन्ही हात वर केले.

"काय दखी राह्यनात?" ती म्हणाली. "उचला!"

कुणी हसलं नाही. नवलनं विडी टाकली आणि सारिकाकडं पाहिलं. सारिकानं थोडा विचार केला. पदर सारखा केला.

"अक्काला शेवटी उचला," ती गोडपणानं म्हणाली. "आधी बाकीच्या चढू द्या."

एकेक बाई अक्काला धक्का लावत, तिच्या बाजूनं चढू लागली. वेळ लागत होता, गाडी उंच होती. अक्कानं हात खाली घेतले नाहीत.